त्याच्या आधीचं गाव

हाजराखालांच्या घरातले किस्से म्हणजे जिन्याखाली साठवलेले आइस्क्रीमचे रिकामे डबे. एक काढायला जावं तर पाच अंगावर येतात.

कापेल या डच गावात त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा व्हिसा, पगार, कॉन्ट्रॅक्ट सगळं फाइलमध्ये लावून नेलं होतं. खालांनी फाइल उघडलीच नाही.

"गाँव कौनसा?"

"पुणे."

"वो तो शहर है. उसके पहले का?"

मी इतकी दचकले की पणजोबांचं सासवड सांगून टाकलं. तिथे मी एकदाच गेलेय, तेही लग्नाला. खोली मिळाली!

*

खाला मेमण, म्हणजे काठेवाडी मुसलमान व्यापाऱ्यांच्या जमातीतल्या. गाव काठेवाडातलं बांटवा. जन्म कंपालाचा, शाळा कराचीत, सासर डर्बनला, आता मुलाच्या नोकरीमुळे इथे.

"बांटवा कसं आहे?" मी विचारलं.

"क्या पता? मैं कभी गयी नहीं."

*

रविवारी खाऊसा असतो. नूडल्स, त्यावर नारळाच्या दुधातली कढी, वर चुरलेले वेफर्स. मी विचारलं, हे काठेवाडी का?

"बर्मा का. नाना की रंगून में दुकान थी. दुकान वहीं रह गयी, ये साथ आ गया."

*

आमच्या डच डॉक्टरीणबाई खालांचं बीपी बघत होत्या, मी सोबत गेले होते. खालांनी त्यांनाही गाव विचारलं.

"न्यूनेन."

"अँड बिफोर दॅट?"

बाई विचारात पडल्या. दंडावरचा पट्टा फुगलेला तसाच. शेवटी त्यांना उत्तरेकडचं आजीचं खेडं आठवलं, मग अर्धा तास आजीच. बाहेर बारा पेशंट ताटकळलेले.

*

खालांची भाषा मेमणी. ती बोलतात, लिहीत सहसा कुणी नाही. "मेरे बाद इस घर में कौन बोलेगा?" खाला एवढंच म्हणतात आणि कांदा चिरायला घेतात. नात ज़ारा नऊ वर्षांची. तिला सगळं समजतं, पण उत्तर डचमध्ये. एकदा खालांनी बजावलं, मेमणीत मागशील तरच खाऊसा.

ज़ारानं डचमध्ये "बरं" म्हटलं आणि ब्रेड-चीज खाल्लं.

*

मागच्या महिन्यात आई पुण्याहून आली. खालांना ती आवडेल ना, एवढीच मला काळजी. दार ज़ारानं उघडलं. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली आणि आईला काहीतरी विचारलं. मेमणीत. तो प्रश्न एव्हाना मला पाठ होता.

"आई, गाव विचारतेय."

"पुणे," आई म्हणाली.

ज़ारानं मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला. तोही मेमणीत, अगदी आजीच्या सुरात.

स्वयंपाकघरातला डावाचा आवाज थांबला.

"सासवड गं बाई," आई बॅग सावरत म्हणाली. "आता आत येऊ का?"

खाला पदराला हात पुसत बाहेर आल्या. आईकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"ज़ारा," त्या म्हणाल्या, "फिर से पूछ."

आईनं दारात उभ्या उभ्या तीनदा गाव सांगितलं.