गालावरची माती

हे काम कुणाकडून शिकलात, असं विचारलं की आमचे बाबा एकच गोष्ट सांगत. "माझी आई माती मळायच्या आधी एक गोळा गालावरून फिरवायची. बाळाला गाल लावतो ना, तसा. मातीवर माया केल्याशिवाय भांडं होत नाही, हे मी तिथं शिकलो." ऐकणाऱ्याचे डोळे पाणावत. मी मागं चाकावरचा वाडगा दोऱ्यानं कापून उतरवत असे आणि मनात म्हणत असे, झालं, लागली रेकॉर्ड!

खरं सांगायचं तर बाबांच्या कामात मायेपेक्षा हट्ट जास्त. चाळण त्यांनी कधी कारखान्यात शिरू दिली नाही. तुडवलेली माती पाटावर घ्यायची, तळहातानं रेटायची आणि बोटांना लागेल तो खडा वेचून डब्यात टाकायचा. "चाळणीला काय कळतं? भोकातून जाईल ते जाऊ देते ती." मलाही त्यांनी तसंच शिकवलं. "खडा नेहमी करंगळीकडून पळतो. तिच्यावर लक्ष ठेव."

चुनखडीचा खडा तर पक्का वैरी. भट्टीत तो गुपचूप बसतो. वाडगा छान भाजून निघतो, टिचकी मारली तर खणखणीत वाजतो. मग आठ-दहा दिवसांनी हवेतला ओलावा पिऊन खडा फुगतो आणि वाडग्याचा टवका उडवतो. चाळीस वर्षांत बाबांच्या वाडग्यांना असे टवके फार तर पाच-सहा गेले असतील. ते हे मिरवत, आणि त्यांनी मिरवावं असंच ते होतं.

म्हणून गेल्या महिन्यात खानावळवाली वाडग्यांची टोपली घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गिऱ्हाइकाच्या दाताखाली टवका आला हो," ती म्हणाली. वीस वर्षांची ओळख, म्हणून आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात फळीवरचे वाडगेही फुटू लागले. आम्ही जेवायला बसलेलो असायचो आणि आतून आवाज यायचा, टक्. बाबांचा घास हातातच राहायचा.

आमच्याकडे वाडगा कुणी घडवला याची खूण नसते, माती कुणी मळली याची असते. बाबांचं टिंब, माझी रेघ, बुडाला. फुटलेल्यांत बरेचसे टिंबवाले होते. काही रेघवालेही होते, पण ते मी मनावर घेतलं नाही. त्यांच्या पाटावरचे खडे माझ्या मातीत आले असणार, दुसरं काय!

बाबांनी आधी मातीला दोष दिला, मग पाण्याला, मग भट्टीला आणि शेवटी मला. मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." बापाला असं बोलू नये. पण मी बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माती मळत होते. करड्या मातीत मला लाल रेघ दिसली.

"बाबा, हात!"

मधल्या बोटात काचेचा तुकडा घुसला होता. दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तसे ते बघत राहिले.

"कधीपासून कळत नाहीये?"

"अंगठ्याला कळतं अजून."

"मी विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय! मला सांगायला काय झालं होतं?" रडू येत होतं, म्हणून मी ओरडत होते.

"सांगितलं असतं तर तू चाळण आणली असतीस."

"आणलीच असती!"

"मग मी काय करायचं होतं?"

मी काच काढली, पट्टी बांधली.

मग चांगल्या हातानं त्यांनी मातीचा एक गोळा उचलला आणि गालाला लावला. आजीची आठवण झाली असेल, मला वाटलं. गोळा गालावरून हळूहळू फिरला आणि मध्येच थांबला. त्यांनी त्या जागी नखानं टोकरलं. मोहरीएवढा पांढरा खडा निघाला.

पुन्हा फिरवला. दुसरा निघाला.

"माया करत नव्हती ती," बाबा म्हणाले. "खडे शोधत होती. तिची बोटं गेली होती गं. आणि मी जन्मभर लोकांना गोष्ट सांगत बसलो."

त्यांचा गाल चिखलानं माखला होता. मला त्यांची दया आली, आजीची आली आणि दोघांचाही राग आला.

"तिनं सांगितलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हटलं. "तोंड शिवून जन्माला येता की काय सगळे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फळीवरचा एक फुटका वाडगा उलटा केला. बुडाला रेघ होती. ते उठले आणि काठ कापायची सुई घेऊन आले.

"हात दे. डोळे मिट. टोचलं की सांग."

अंगठ्याला टोचली. "आई गं!" तर्जनी, मधलं बोट, त्याच्या शेजारचं. "हो. हो. हो."

मग काहीच नाही. मी वाट पाहिली.

"करंगळी राहिली, बाबा."

मी डोळे उघडले. सुई करंगळीतच होती.