नागलीची भाकर

सारंगखेड्याला आमच्या शेताला लागून एका बागायतदार काकांची पपई आहे. शुगर निघाल्यापासून ते पांढरे बूट घालून गाडीने शेतात येतात आणि बांधावरून फेऱ्या मारतात. आत सातपुड्यावरून मजुरीला आलेल्या बाया वाकून निंदणी करत असतात.

"डाक्टर सांगस, घाम निघाले पायजे," ते बायांना ऐकवतात. त्यांचं निम्मं बोलणं "डाक्टर सांगस"नेच सुरू होतं. बाया पदराने घाम पुसत हसतात.

जेवायला मात्र ते त्यांच्यातच बसतात. डॉक्टरांनी नागली, म्हणजे नाचणी, खायला सांगितली, म्हणून एका बाईची काळपट भाकर स्वतः घ्यायचे आणि घरच्या तूप लावलेल्या पोळ्या तिला द्यायचे. त्या पोळ्या ती न खाता पोरांसाठी फडक्यात बांधायची. दोघंही खूश.

परवा तिच्या डब्यात नुसता भात निघाला.

"आज भाकर नही का वं?"

"नागली ईकी टाकी, दादा. व्यापारी घरपर्यंत उना, भाव चांगला दिना. आते रेशनना भात."

भात त्यांना चालत नाही. पोळ्या तिच्याकडे सरकवून ते उपाशीच फेऱ्या मारायला उठले.

दुसऱ्या दिवशी स्वारी खुशीत होती. शहाद्याच्या दुकानात नागलीच्या पिठाचं पाकीट मिळालं होतं. डबा उघडून त्यांनी अर्धी भाकर तिच्या हातावर ठेवली.

तिने एक घास सावकाश चावला.

"आम्हना डोंगरनी शे ही," ती म्हणाली, आणि उरलेली भाकर पोरांसाठी फडक्यात बांधली.