हाताला गुण

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझी प्रार्थना सुकून गेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला तसं मुळीच वाटलं नसतं. उलट त्या दिवसांत प्रार्थना करून घ्यायला माझ्या दारी जितकी माणसं येत होती, तितकी आधी कधी आली नव्हती. पण मी डोळे मिटले की आत नुसते शब्द चालायचे. ज्याच्याशी बोलायचं तो जवळ आहे, ऐकतो आहे, हे मला पूर्वी न सांगता कळायचं. ते कळेनासं झालं. घरातलं माणूस गुपचूप उठून बाहेर जावं आणि आपण मघापासून एकटेच बोलतो आहोत हे उशिरा लक्षात यावं, तसं झालं होतं.

माझे पती आलापल्लीच्या लाकूड डेपोत होते. ते छातीच्या दुखण्यानं गेल्यावर मी भामरागडच्या रस्त्यावरच्या आमच्या मूळ गावी राहायला आले. इथे ख्रिस्ती घरं चारदोनच. टिनाच्या छपराचं प्रार्थनाघर आहे, आणि पाळक अहेरीहून अधूनमधून येतात. सकाळी अंगण झाडून झालं की चूल पेटवण्याआधी मी परसात बसायची. मागणं असं काही नसायचं. मागण्यासारखं जे होतं ते तर प्रभूनेच नेलं होतं. नुसती बसायची. आणि कुणी शेजारी येऊन बसलं तर मान न वळवताही जसं कळतं, तसं कळायचं. त्या सोबतीवर मी विधवापणाची पहिली वर्षं काढली.

मग शेजारच्या मुलीचा ताप हटेना म्हणून तिच्या आईनं मला बोलावलं. मी कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि संध्याकाळी पोर उठून बसली, आंबील मागू लागली. गावात सरकारी औषधं देणाऱ्या आशाताईंनी तिला गोळ्याही दिल्या होत्या. पण गोळ्यांचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि हळूहळू मीही ते सांगायचं सोडलं. ‘बाईच्या हाताला गुण आहे’ ही गोष्ट गावोगाव गेली. लोक मला प्रार्थनावाली बाई म्हणू लागले. मी म्हणायची, हाताला नाही, गुण प्रभूला. पण हे म्हणताना, आपण किती नम्रपणे बोललो हे समोरच्याच्या ध्यानात आलं की नाही, ते मी चोरून पाहायची. कुणाकडून कधी काही घेतलं नाही, म्हणून मोह आपल्या वाटेला येत नाही असं मला वाटे. आमच्या पाळकांनी एकदा हळूच विचारलं होतं, एकांतात बसता का अजून? मी हो म्हटलं. बसत होते हे खरंच होतं. पण बसल्याबसल्या माझे कान पुढच्या दाराकडे असायचे, आज कोण येतं म्हणून.

धान पोटरीवर आलं होतं त्या दिवसांतली गोष्ट. सकाळीच दारापुढे एक जीप थांबली. आत सुनंदा नावाची तरणी बाई आडवी पडलेली होती. सोबत तिचा नवरा आणि सासू. नदीकाठच्या गावचं, मासे धरून पोट भरणारं ते घर. सुनंदाला कितीतरी दिवसांचा ताप होता. आदल्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली आणि आता डोळेच उघडत नव्हती. निघाले होते अहेरीच्या दवाखान्यात, पण माझं नाव ऐकून सासूनं गाडी थांबवायला लावली. नवऱ्याला निघायची घाई होती. सासूनं मात्र माझे पाय धरले.

“बाई, तुमी हात ठेवा. उठली तं इथूनच वापस नेतो. दवाखान्यात नेलेलं माह्यं एक लेकरू परत नाई आलं.”

मी हात ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलेलं. तोवर आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. ही इथे, या सगळ्यांसमोर उठून बसली तर, असा विचार माझ्या मनात आला. ती पोरगी जगावी असंही मला मनापासून वाटत होतं. दोन्ही इच्छा एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की प्रभूसाठी कोणती आणि माझ्यासाठी कोणती, हे मला निवडता येईना. मी पडवीतली खाट ओढून सावलीत घेतली. संध्याकाळपर्यंत राहू द्या हिला, हे वाक्य ओठांवर आलं होतं.

रस्त्यापलीकडे एसटीची वाट पाहत एक बाई बसली होती. माझ्या ओळखीची नव्हती. सिरोंचाकडची असावी, बोलण्यात तेलुगूचा हेल होता. थोड्या वेळापूर्वी तिनं माझ्याकडे पाणी मागितलं होतं. ती उठून जीपजवळ आली, आत वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, “बाई, तुमी बी बसा ना गाडीत. प्रार्थना गाडीतई होते.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जागा आहे, बसून घ्या, इतक्या साधेपणानं तिनं ते सांगितलं. मग म्हणाली, “घराकडे पाहीन मी. जावा.”

कित्येक महिने माझ्या आत फुगत चाललेलं काहीतरी त्या क्षणी खाली बसलं. मी चपलाही न घालता गाडीत चढले.

सुनंदाचं डोकं मी मांडीवर घेतलं. रस्त्याला खड्डे फार, म्हणून ते दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागत होतं. चार माणसं ऐकत असली की मला सुचायचे ते देखणे शब्द एकही सुचेनात. ‘प्रभू, हिला सोडू नको’ एवढंच, तेही प्रत्येक धक्क्याला अर्धवट तुटत होतं. गाडीच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. आणि सागवनातून रस्ता जातो तिथे कुठेतरी मला कळलं की मी एकटी बोलत नाही. तो होता. पूर्वीसारखाच शेजारी, काही न विचारता. तो कधी गेलाच नव्हता की त्या घटकेला परत आला, हे मी सांगू शकत नाही. हात मोकळे नव्हते, म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

दवाखान्यात सुनंदाला लगेच आत नेलं. मी मागोमाग जाऊ लागले तर सिस्टर म्हणाल्या, मावशी, तुम्ही बाहेर बसा. मी बाहेर बाकावर बसले. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं आणि त्याचं मला फार बरं वाटलं. काही वेळानं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, मलेरिया मेंदूत गेला आहे, आत्ता आणलंत हे बरं केलंत, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आलं नसतं. ‘संध्याकाळ’ हा शब्द ऐकला आणि सावलीत ओढलेली खाट मला आठवली. मी सासूला सांगितलं की मी तुम्हाला थांबवून घेणार होते.

“गाडी तं मीच थांबवली होती, बाई,” ती म्हणाली. आणि तिनं आपला पदर माझ्या पाठीवरून घेतला. तशाच आम्ही दोघी बसून राहिलो.

मी घरी न परतता सासूच्या सोबतीला तिथेच थांबले. सुनंदानं डोळे उघडले तेव्हा मी तिच्या उशाशी होते. अनोळखी चेहरा पाहून तिनं सासूला विचारलं, “ह्या कोन?” सासूनं तोंड उघडलं. ती काय सांगणार हे मला ठाऊक होतं, आणि ते नदीच्या काठाकाठानं किती गावांत जाईल तेही. ऐकायला बरं वाटलं असतं. आजही वाटेल. म्हणून मीच आधी बोलले.

“गाडीत तुझं डोकं धरून बसलेली बाई.”

सुनंदा थोडंसं हसली आणि पुन्हा झोपली.

घरी आले तर दाराला कडी घातलेली होती आणि खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. शेजारणी म्हणाल्या, त्या बाईनं दुपारची एसटी सोडून दिली, दिवस मावळायला आला तेव्हाच्या गाडीनं गेली. तिचं नाव कुणी विचारलं नाही. मीही नाही. ती कोण होती, कोणत्या देवाला मानणारी, मला ठाऊक नाही. सिरोंचाची गाडी थांबली की अजून माझी नजर खिडक्यांवरून फिरते.

माणसं अजूनही येतात. मी आधी दवाखान्याचं विचारते, गाडीत जागा असली तर सोबत जाते. कौतुक ऐकलं की मन अजून फुलतं, आणि ते रोज प्रभूपुढे ठेवावं लागतं. त्या रस्त्यावर तो जसा शेजारी आला तसा पुन्हा आलेला नाही. सकाळी बसते तेव्हा जीव त्याच्यासाठी तुटतो. पूर्वी ही ओढ सोसायची नाही, म्हणून मी ती लोकांच्या बोलण्यानं भागवत गेले. आता तशीच राहू देते. त्यानं मला त्या सकाळी धरून ठेवलं, याबद्दल आभार मानते, आणि तो केव्हा यायचा ते त्याच्यावर सोडून चूल पेटवायला उठते.