वेगळं वाडगं

निवृत्ती गजभारे मुखेड डेपोत चौतीस वर्षं कंडक्टर होते. रिटायर झाले त्या दिवशी डेपोतल्या पोरांनी फळ्यावर लिहिलं, 'निवृत्ती अखेर निवृत्त', आणि काका त्या फळ्यावर आठवडाभर खार खाऊन होते. तसा माणूस सरळ. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त एका बाबतीत महा हेकट.

हॉटेलात चहा प्यायला की कप जिथल्या तिथं. बोटानंही सरकवायचा नाही. "कंडक्टर, तेवढा कप इकडं द्या हो," असं मालकानं म्हटलं तरी काका ढिम्म! ही खोड घरातही आली. पार्वतीकाकू कंबरेवर हात ठेवून विचारायच्या, "म्या काय इथं हॉटेल काढलंय का? एक कप उचलायला हात झिजतेत व्हय तुमचे?" काका पेपरात तोंड घालून बसायचे.

चिडायच्या, पण काकूंना कारण ठाऊक होतं. काका सात वर्षांचे असताना बापाबरोबर बाजाराला गेले होते. वाटेतल्या एका हॉटेलाबाहेर, भिंतीच्या कोनाड्यात कान तुटलेले दोन कप पालथे घातलेले असायचे. ते खास 'ह्या' लोकांसाठी. मालकानं चहा वरून ओतला. बाप प्याला, वरूनच सोडलेल्या पाण्यात कप विसळला, कोनाड्यात ठेवला आणि लेकाला म्हणाला, "इसळ बाबा तुझा." आत बाकावर माणसं बसली होती. त्यांच्या कपांना कान होते आणि त्यांतल्या एकानंही आपला कप विसळला नाही. पोरगं ते बघत राहिलं. त्या दिवशी त्याला जी शरम वाटली, ती त्याच्या पोटात अजून तशीच आहे. नोकरीचा कागद हातात पडला तेव्हा काकांनी मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, हॉटेलातला कप आपण उचलायचा नाही. दोन, आपलं लेकरू कुणाच्या हॉटेलात भांडी विसळणार नाही.

लेकरू एकच, मनिषा. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? तिनं नांदेडला नर्सिंग केलं, पुण्याला जपानी भाषा शिकली आणि गेली ती थेट जपानात, साप्पोरो नावाच्या गावी, वृद्धाश्रमात नोकरीला. मुखेडच्या स्टँडवर ही बातमी माहीत नसलेला माणूस शोधून सापडला नसता. काका मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा थांबवून सांगायचे.

या फेब्रुवारीत तिनं तिकीट धाडलं. काकूंचे गुडघे काही ऐकेनात, म्हणून काका एकटेच गेले. तिथं कंबरेएवढा बर्फ! नाक जागेवर आहे की गळून पडलं, हे हात लावून बघायचं. लेक कामावर गेली की काका खिडकीत बसून खालून जाणाऱ्या बसगाड्या मोजायचे. मिनिटाचाही उशीर नाही, याचं त्यांना कौतुकही वाटायचं आणि थोडा रागही यायचा.

बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, मनिषा त्यांना गल्लीतल्या एका हॉटेलात घेऊन गेली. इनमिन आठ खुर्च्या, लाकडी फळीसमोर ओळीनं मांडलेल्या. फळीपलीकडे चूल, मोरी आणि सत्तरी ओलांडलेली मालकीण, ओकादा आजी. मनिषाला बघून आजी हसल्या, काकांपुढं कमरेत वाकल्या. काकांनीही हात जोडले. "जय भीम," ते सवयीनं म्हणाले, आणि आजींनी तेही जसंच्या तसं म्हणून बघितलं.

"पप्पा, इथली सूपकरी लई फेमस हाय. तिखटाला नंबर असतेत. किती सांगू?"

"शेवटचा कितीचा हाय?"

"वीस."

"मंग वीस लाव. आपुन काय पेशंट हाव का?"

मनिषानं गुपचूप सात सांगितलं.

ताटलीत भात वेगळा आला, रस्सा वेगळा. रश्श्यात कोंबडीची अख्खी तंगडी, उभं चिरलेलं गाजर, वांगं, भोपळ्याची फोड, अर्धं अंडं. रस्सा मात्र पातळ. पाहुणे अचानक वाढले की आपल्याकडं करतात, तसा. काका काहीतरी चेष्टा करणार, तेवढ्यात त्यांची नजर वाडग्यावर गेली.

त्यांचं वाडगं पांढरं होतं. काठावर टवका उडालेलं.

चौतीस वर्षं गाडीतली शिटं मोजलेला माणूस. त्यांनी ओळीनं बघितलं. पलीकडच्या सुटातल्या माणसापुढं काळं वाडगं. त्याच्या शेजारच्या दोन बायांपुढं काळी. मनिषापुढंही काळं. पांढरं एकट्यांपुढं. आणि आजींनी ते खालच्या रांगेतून नाही, वरच्या फळीवरून, एका बाजूला ठेवलेलं काढलं होतं, हे त्यांनी बघितलं होतं. काकांच्या हातातला चमचा भातावरच थांबला. सहासष्ट वर्षांचा माणूस, पासपोर्टवर शिक्के पडलेला, आणि एका क्षणात त्या कोनाड्यापुढं जाऊन उभा राहिला.

"गार होऊन राहिलं, पप्पा. खा की."

"मला येगळं भांडं कामून?" काकांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "सगळ्यांला काळं. मला हे फुटकं. कुणी सांगितलं हिला आपण कोण ते?"

मनिषाला आधी काही समजेचना. मग तिनं वाडग्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ते माझं वाडगं हाय, पप्पा."

"तुझं? हॉटेलात तुझं वाडगं कसं आलं?"

"जेवण झाल्यावर सांगणार होते." ती फळीकडं बघत बोलली. "दोन वर्षं झाले, म्या शनिवार-रविवार इथं काम करते. रीतसर परवानगी काढून. भाज्या चिरते, भांडे घासते. इथं घरातल्या परत्येक माणसाचं वाडगं ठरलेलं असतं. आजींनी पहिल्याच महिन्यात माझं येगळं काढलं. टवका माझ्याच हातून गेला. तुम्ही माझे वडील, म्हणून आज तुम्हाला दिलं."

काकांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. "भांडे घासते?"

"आजी थकल्या. हॉटेल मलाच चालव म्हणतेत. म्या बी एप्रिलपासून आश्रम सोडून इथं यावं म्हणते. पप्पांनी हो म्हणलं तरच, असं सांगितलंय म्या त्यांला."

"म्या तुला कुणाचे खरकटे भांडे इसळायला शिकवलं व्हय गं?" काका ओरडलेच. दोघी बाया वळून बघायला लागल्या. मग आवाज खाली आणून, रश्श्याच्या वाफेकडं बघत, त्यांनी लेकीला तो कोनाडा सांगितला. कान तुटलेले कप सांगितले. 'इसळ बाबा तुझा' सांगितलं. एकोणसाठ वर्षांत काकू सोडून कुणाला न सांगितलेलं सगळं चार वाक्यांत संपलं. मनिषा रडली नाही. तिनं बापाच्या मनगटावर हात ठेवला, एवढंच.

इतक्यात सुटातला माणूस उठला. त्यानं आपलं वाडगं, ताटली, चमचा उचलून फळीपलीकडं ठेवलं, ओल्या फडक्यानं आपली जागा पुसली आणि आजींपुढं वाकून निघून गेला.

"कोण हाय हा?"

"बँकेतला मोठा साहेब. इथं सगळेच आपलं आपलं ठेवतेत, पप्पा."

काकांनी चमचा बाजूला ठेवला. मग त्यांनी भातात बोटांनी आळं केलं आणि रस्सा त्यात ओतला. इथं चमच्यावर भात घेऊन रश्श्यात बुडवतात, हे सांगायला मनिषानं तोंड उघडलं आणि मिटलं. ताटली उथळ, रस्सा फळीवर पळाला. आजी तोंडावर हात धरून हसल्या. काका हातानंच जेवले, सगळं जेवले, भोपळ्याच्या सालीसकट.

"कसं हाय?"

"मीठ बरोबर हाय," काका म्हणाले. यापेक्षा मोठी तारीफ काकूंनाही कधी मिळाली नव्हती.

जेवण झाल्यावर ते उठले, वाडगं घेतलं आणि फळीला वळसा घालून सरळ मोरीवर गेले. आजी 'नको नको' करत दोन्ही हात हलवायला लागल्या. काकांनी नळ सोडला आणि वाडगं विसळलं, टवक्यावरून अंगठा फिरवून नीट विसळलं. पुसलं. मनिषानं वरच्या फळीकडं बोट केलं, एका बाजूची तिची जागा दाखवली.

"तिथं नगं," काका म्हणाले, आणि त्यांनी काळी वाडगी सरकवून ते पांढरं त्यांच्या मधोमध ठेवलं. "हितं ऱ्हाऊ दे."

मग लेकीकडं न बघता म्हणाले, "सांग आजीला, हो म्हणून. आपल्या मनानं इसळायचं तेवढं इसळ. ज्या दिवशी कुणी 'इसळ' म्हणून हुकूम सोडंल, त्या दिवशी निघून ये. तुझ्या बापाची पेन्शन हाय."

मनिषानं आजींना सांगितलं. सांगताना मात्र ती रडली.

काका मुखेडला परतले, त्या सकाळी काकूंनी चहा दिला. काका प्याले, उठले, मोरीवर जाऊन कप विसळला आणि फळीवर ठेवला. काकू पीठ मळायच्या थांबल्या. पिठाचा हात तसाच त्यांच्या कपाळाला लावून बघितला. "ताप-बीप हाय का अंगात?"

"न्हाई," काका म्हणाले. "तुझा कप दे इकडं."