रोझमेरीच्या नाटकातली खरपुडी

सिंगापूरला याआधी गेले ती लेकीसाठी. यंदा तिकीट काढलं ते रोझमेरीसाठी, आणि मनात कौतुकापेक्षा जळफळाट जास्त होता.

रोझमेरी माझी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली वर्गमैत्रीण. इंग्रज इंजिनियरची मुलगी, बोर्डिंगमध्ये राहायची, रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. शाळेची नाटकं आम्ही दोघी मिळून लिहायचो. पुढे ती मायदेशी गेली. लंडनमधल्या एका पबच्या माडीवर तिचं पहिलं नाटक झालं, मग मोठी थिएटरं, बक्षिसं, नावाआधी 'डेम' हा ब्रिटिश किताब. मी बँकेत लागले. पत्रं हळूहळू थांबली. तिचं सर्वांत गाजलेलं नाटक सिंगापुरात होतंय आणि ती स्वतः येणार आहे, हे ईशाने, माझ्या लेकीने, फोनवर सांगितलं.

ईशा सिंगापुरात चोआ चू कांग या उपनगरात राहते. पोचल्या दिवशी तिने सगळ्यांत आधी मला वाढलं. मी वाढायला उठले तर नात तिथल्या ढंगात म्हणाली, "आजी, यू आर द गेस्ट, ला." मी परत खुर्चीत बसले.

नाटकाला जाणाऱ्यांसाठी: जुराँग ईस्टला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, बदलून हिरव्या लाइनने सिटी हॉल गाठा, तासभर हाताशी ठेवा. आधी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवून घ्या. पाच-सहा डॉलरमध्ये पोटभर होतं. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पुडकं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली असते. मी ते बाजूला सारून बसले आणि एका मावशींचं रागावणं ऐकून घेतलं. थिएटरात एसी फार असतो, शाल हवीच.

बाहेरच्या दालनात रोझमेरीचं आयुष्य फोटोंतून मांडलं होतं. पुण्याच्या वाट्याला एकच फोटो, शाळेच्या पायऱ्यांवरचा. कडेला माझा अर्धा खांदा होता.

नाटकातलं घर इंग्लंडमधलं. बाप भाताच्या खिरीवरचा खरपूस पापुद्रा खरवडतो आणि शेजारच्या मुलीच्या बशीत घालतो. त्याची स्वतःची मुलगी नुसती बघत उभी. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ते माझे बाबा होते. दर रविवारी पातेल्याच्या तळाला लागलेली भाताची खरपुडी ते उलथन्याने काढायचे आणि तूप सोडून रोझमेरीला वाढायचे. मला ती कधीच मिळाली नाही. आता तर बाबाही तिचेच झाले होते.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली. एका विद्यार्थिनीने विचारलं, की बापाच्या स्वतःच्या मुलीला एकही वाक्य का नाही?

रोझमेरी म्हणाली, "कारण ती काय बोलायची ते मला माहीत नाही. त्या घरात मी पाहुणी, म्हणून मला पहिलं वाढायचे. ती शेवटी बसायची, आईबरोबर, स्वयंपाकघरात. दोघी आत हसायच्या. मी बाहेर खरपुडी चावत ते ऐकायचे. मला तिचा फार हेवा वाटायचा."

नंतर सहीच्या रांगेत उभी राहिले. तिने मान वर न करता नाव विचारलं. मी माहेरचं नाव सांगितलं. पेन हवेतच राहिलं. मग अडखळत, बाबा जेवणानंतर विचारायचे त्याच चालीवर, तिने मराठीत विचारलं, "पोट भरलं का?"

मी बाजूला झाले. मागची रांग खोळंबली होती.

दुसऱ्या दिवशी ईशाने पुन्हा पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी ते जावयाकडे सरकवलं आणि ईशाला सांगितलं, की मी तुझ्याबरोबर बसेन, ओट्यापाशी, सगळ्यांचं झाल्यावर. उरलेल्या वरणभातावर आम्ही मायलेकी बराच वेळ बोललो.

पुण्यात परतून महिना झाला. हेवा गेला असं म्हणणार नाही. तिची छापील नाटकं फळीवर दिसली की अजून आत काहीतरी टोचतं. काल मात्र मुद्दाम भात खाली लागू दिला. खरपुडी काढली, तूप सोडलं आणि बाहेरच्या खोलीत एकटीने बसून खाल्ली. चांगली लागते, पण आत स्वयंपाकघरातून कुणाच्या हसण्याचा आवाज आला नाही.