भाचीच्या वजनाची गोणी

नाशिक शहर, नाशिक रोड आणि पंचक्रोशीतल्या तमाम रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की मानवी देहाचा प्रश्न कायमचा सुटला असून तो आमच्या मेहुण्याने सोडवला आहे. वैद्यकशास्त्राला ही बातमी अजून पोचलेली नाही, त्याला इलाज नाही. ओझरला नोकरी, नाशिक रोडला घर आणि पन्नाशीला टेकलेला हा माझ्या बायकोचा भाऊ. त्याच्या मते जगात नुसती धावणारी माणसं असतात, नुसती वजनं उचलणारी असतात आणि तो असतो. "नुसता पळणारा सुतळीसारखा दिसतो, दाजी, आणि नुसता वजन मारणारा जिना चढला की कुकरसारखा वाजतो. ताकद आणि दम, दोन्ही एकत्र पाहिजे," हे त्याने मला बारशात सांगितलं, साखरपुड्यात सांगितलं आणि एकदा तर दहाव्याला, पिंडापाशी कावळ्याची वाट बघताना सांगितलं. कावळा तेवढ्यात शिवला. बहुधा त्यालाही सुटका हवी होती.

या सगळ्या साधनेमागे एक शब्द होता. त्यांच्या घरात मामाने नवरीला उचलून बोहल्यावर आणायची रीत. हात धरून आणलं तरी कुणी पोलिसात जात नाही, पण माझी मुलगी चिऊ पाळण्यात असताना याने तिला वचन दिलं होतं, "तुला मीच उचलून नेणार." चिऊने ते फारसं मनावर घेतलं नाही, ती दूध पिऊन झोपली. याने घेतलं. तिचं लग्न ठरलं त्याच दिवशी तिला वजनकाट्यावर उभं करून त्याने देवळ्याच्या सासुरवाडीहून बरोबर तेवढ्या वजनाची कांद्याची गोणी मागवली. सकाळी पार्किंगमध्ये गोणी कवेत घेऊन उठाबशा, ही ताकद. मग तीच गोणी स्कूटरवर घालून पांडवलेणीला न्यायची आणि कवेत घेऊन पायऱ्या चढायच्या, हा दम. गोणीला तो चिऊच म्हणायचा. एकदा मी तिला पायाने जरा बाजूला सरकवलं, तर केवढ्याने ओरडला, "दाजी, पोरगी आहे तुमची!"

पुढे पुढे गोणी त्याला हलकी वाटू लागली. "बघा फरक! आता लागतच नाही हाताला," असं म्हणत तो दंड दाखवत सोसायटीभर फिरला. शेवटी त्याच्या बायकोला राहवेना. स्वयंपाकघरातूनच ती म्हणाली, "कशी लागेल? रोजच्या भाजीला कांदा कुठून येतोय असं वाटलं तुम्हाला?" त्या माउलीने गोणीची तळाची शिवण उसवून आपली सोय करून घेतली होती. आमची चिऊ भजी होऊन त्याच्याच पोटात जात होती आणि हा पठ्ठ्या ताकद वाढली म्हणून खूश होता. तेव्हापासून गोणीत वाळू आली. वाळूची भाजी होत नाही.

आणि लग्नाला काही महिने उरले असताना अण्णा, म्हणजे त्याचे वडील, बाथरूममध्ये पाय घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. मेहुण्याच्या सकाळी पांडवलेणीकडून अण्णांकडे गेल्या. त्यांना पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून बाथरूमला न्यायचं, पुन्हा उचलून गॅलरीतल्या उन्हात बसवायचं. गोणी जिन्याखाली धूळ खात पडली. मी विचारलं, तर नेहमीचं व्याख्यान न देता एवढंच म्हणाला, "थांबलं की आधी दम जातो, दाजी. ताकद जरा जास्त टिकते." खरंच होतं. दम म्हणजे चप्पल न काढता दाराशीच बसलेला पाहुणा, केव्हा उठून जाईल सांगता येत नाही. ताकद मात्र मुक्कामाला आलेल्या आत्याबाईंसारखी, निघते निघते म्हणत राहते. त्यात अण्णा तिला रोज कामाला लावत होते. पायऱ्या मात्र कुणीच चढत नव्हतं. "झेपलं नाही तर पोरीला काय सांगू?" असं त्याने एकदा हळूच विचारलं.

लग्नात गुरुजींनी माईकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." मामांनी चिऊला शालू-दागिन्यांसकट असं अलगद उचललं, की पोरींनी शिट्ट्या मारल्या. निम्म्या हॉलपर्यंत तो राजासारखा चालला. मग कुकर वाजू लागला. चेहरा लाल, पाय जागच्या जागी.

"मामा, ठेव खाली, मी चालते," चिऊ कुजबुजली.

"गप्प बस. गोणी बोलत नसते."

दम नव्हताच. हात मात्र हलले नाहीत. थांबत, धापा टाकत, पाऊल पाऊल करत तो बोहल्यापाशी पोचला आणि तिला खाली ठेवायचंच विसरून छातीशी धरून उभा राहिला. गुरुजी थांबले, सनईवाला थांबला. त्या शांततेत पहिल्या रांगेतून, चाकाच्या खुर्चीतून, अण्णा कळवळून ओरडले,

"अरे, ठेव तिला खाली! उद्या सकाळी मला कोण उचलणार?"