मित्रराष्ट्रात अडकलेला जॉबर

दिल्लीत मी नेमकं काय काम करतो, हे आमच्या घरात कुणालाच नीट माहीत नाही. यात घरच्यांचा दोष नाही. एकदा मी थोरल्या भावाला सविस्तर समजावून सांगायला बसलो होतो. आपलं सरकार मित्रदेशांना मदत देतं. कुणाला दवाखाना बांधून देतं, कुणाच्या सैनिकांना इकडं शिकायला बोलावतं, कुणाच्या पोलिसांना गाड्या आणि गस्तीच्या बोटी देतं. ही मदत देणारी खाती वेगळी, त्यांची मतं त्याहून वेगळी. त्या सगळ्यांचा मेळ घालून एक धोरण तयार करायचं, हे माझं काम. दादा म्हशीची धार काढत होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हंजे तू स्वतः कुणाला काय देत न्हाईस."

"नाही."

"आनि कुणाला द्यायचं ते बी तू ठरवत न्हाईस."

"मी सुचवतो."

"बरं," असं म्हणून तो चरवी उचलून आत गेला.

दादाला जे दुधाच्या एका धारेत कळलं ते दिल्लीत अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, म्हणून माझी नोकरी टिकून आहे. माझ्या हुद्द्यात 'तज्ज्ञ' हा शब्द आहे. चार खात्यांचे अधिकारी मी एका टेबलाभोवती बसवतो. एकाला गाड्या पाठवायच्या असतात, दुसऱ्याला त्या पाठवल्याचं श्रेय हवं असतं, तिसऱ्याला खर्च नको असतो आणि चौथा काजू संपेपर्यंत बसतो. शेवटी मी सगळ्यांना मान्य होईल असा एक परिच्छेद लिहितो, म्हणजे ज्याचा अर्थ कुणालाच लागणार नाही असा. त्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

गेल्या वर्षी सुट्टीवर कसबा बावड्याला आलो, तर आमच्या गल्लीच्या तोंडालाच माझा डिजिटल बोर्ड. फोटो कुठल्याशा लग्नातला, डोक्याला फेटा, डोळे अर्धे मिटलेले. खाली लिहिलेलं, 'अनेक देशांना मदत करणारे बावड्याचे सुपुत्र, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ यांचे सहर्ष स्वागत'. बाजूला मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो होते, ते माझ्यापेक्षा मोठे होते. हे काढून टाका, असं मी लगेच म्हणालो. पण म्हणताना आवाज असा काही खाली गेला की कुणाला ऐकू आलं नाही.

बोर्डाचा परिणाम दुसऱ्या दिवसापासून दिसायला लागला. सुरक्षा वगैरे मीच बघतो असं ऐकून एकजण बंदुकीच्या परवान्यासाठी आले. दुसऱ्यांनी, परदेशाला देताच आहात तर आमच्या गल्लीला एक बोअर मारून द्या, असं रीतसर सुचवलं. मी प्रत्येकाला हे माझ्या खात्यात येत नाही, एवढंच सांगत होतो. वहिनी आतनं चहा पाठवत होती आणि पाहुणा गेल्यावर विचारत होती, "भावजी, तुमच्या खात्यात येतंय तरी काय?"

मग एक दिवस सकाळी इचलकरंजीहून एक बाई आली. बरोबर तिचे म्हातारे सासरे. डोक्यावरची ओढणी नीट करत ती खुर्चीच्या कडेवर बसली. तिचा नवरा यंत्रमागाचा मिस्त्री. माग जोडायचे, बिघडले की सुरू करायचे, हे त्याचं काम. इचलकरंजीत अशा माणसाला जॉबर म्हणतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका देशात नवी कापड गिरणी निघाली होती, तिथं माग बसवायला तो आणि त्याच्याबरोबरचे काहीजण गेले होते. आता तिथं दंगा उसळला होता. गिरणीचा मालक पळाला होता. सगळ्यांचे पासपोर्ट त्यानं आपल्या कचेरीतल्या तिजोरीत ठेवलेले, आणि किल्ली घेऊन तो गेलेला. माणसं गिरणीच्या आत दार लावून बसली होती.

तिनं देशाचं नाव सांगितलं तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला. तो देश माझ्याच टेबलावरचा. तिथं सगळं स्थिर आहे आणि आपण दिलेल्या गाड्यांमुळं तिथली गस्त सुधारली आहे, हे वाक्य उन्हाळ्यात मीच लिहिलं होतं. त्या सकाळच्या बातम्यांत त्या गाड्या मी ओळखल्या होत्या. त्या खरंच छान पळत होत्या. फक्त त्यांत बसलेली माणसं आपण ज्यांना दिल्या त्यांतली नव्हती.

मी तिला दूतावासाचा नंबर द्यायला लागलो. तो तिच्याकडं होता. नोंदणी करा म्हणालो. ती केली होती. मग परदेशात अडकलेल्या लोकांचं काम बघणारा विभाग वेगळा, त्या देशाला गाड्या वगैरे मदत देणारा वेगळा, हे मी सांगायला घेतलं. मी बैठकीत बोलतो तसाच बोलत होतो, हात पुढं करून, बोटं जुळवून.

तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "साहेब, त्या लोकास्नी गाड्या तुमी दिल्यासा न्हवं?"

"सरकारनं दिल्या."

"मग त्यातल्या एका गाडीतनं माझ्या मालकास्नी विमानतळावर सोडा म्हणून सांगा की. गाडी तुमचीच हाय."

याला माझ्याकडं उत्तर होतं. दिलेल्या वस्तूचा वापर कशासाठी करायचा हे करारात लिहिलेलं असतं, आणि इचलकरंजीच्या जॉबरला नेऊन सोडणं त्यात बसत नाही. ते मी सांगणार होतो, तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या वहिनीकडं लक्ष गेलं. शेणी थापताना ती पायात येणाऱ्या रेडकाकडं बघते तशी माझ्याकडं बघत होती.

"तिकडचं कोन वळखीचं न्हाय व्हय तुमच्या?" तिनं विचारलं. "आनि ते चटणीवालं पावणं?"

चटणीवाले पाहुणे म्हणजे त्या देशाच्या तटरक्षक दलातले एक कर्नल. दिल्लीत प्रशिक्षणाला आले होते आणि तिथं मी त्यांच्या तुकडीसमोर मदतीच्या समन्वयावर व्याख्यान दिलं होतं. ते पहिल्या ओळीत बसून शांत झोपले होते. नंतर जेवताना माझ्या शेजारी आले. मी बाहेरच्या जेवणाला वहिनीच्या कांदालसूण चटणीची डबी खिशात घेऊन जातो. त्यांनी ती काय आहे विचारलं, चाखली, त्यांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी पुन्हा घेतली. तेव्हापासून तिकडं जाणाऱ्या प्रत्येक शिष्टमंडळाबरोबर मी एक बरणी पाठवत आलो. आमच्या दोघांच्या फोनवरच्या संवादात चटणीखेरीज काही नव्हतं. वार्षिक अहवालात मात्र मी 'सुरक्षा दलांतील संबंध दृढ झाले' असं लिहिलं होतं.

आधी मी माझ्या वरिष्ठ बाईंना दिल्लीला फोन केला. त्या म्हणाल्या, "दूतावास काम करतोय. तुम्ही सुट्टीवर आहात. ओळखीच्या माणसाची खुशाली विचारायला माझी परवानगी लागत नाही. काही कळलं तर दूतावासाला कळवा आणि स्वतः कुठली मोहीम चालवायला जाऊ नका."

मग मी निरोप लिहायला बसलो. कर्नल कुठल्या बाजूला आहेत हे माहीत नव्हतं, म्हणून शब्द जपून वापरायचे होते. लिहून झाल्यावर वहिनी म्हणाली, वाचा. मी मराठी करून वाचलं, "सध्याच्या परिस्थितीत आपली व आपल्या कुटुंबीयांची खुशाली जाणून घेण्याची, तसेच परस्पर हिताच्या एका बाबीकडे आपले लक्ष वेधण्याची इच्छा आहे."

"ही काय लग्नपत्रिका हाय?" वहिनी म्हणाली. "सरळ लिवा. तुमी बरं हायसा का? आमची माणसं तुमच्या गावात अडकल्यात. त्यास्नी विमानतळावर न्हेऊन सोडा. चटणी करून धाडतो मी."

ती इचलकरंजीची बाई बोटाला गुंडाळलेलं ओढणीचं टोक पहिल्यांदाच सोडून म्हणाली, "व्हय, असंच लिवा."

मी तसंच लिहिलं. खाली गिरणीचा पत्ता टाकला. त्या बाईनं आणि सासऱ्यांनी आमच्याकडं जेवून घेतलं आणि ती दोघं दुपारच्या एसटीनं गेली. मला वाटलं होतं, उत्तर येणार नाही. खरं तर येऊ नये असंही थोडं वाटत होतं. आलं तर पुढं काय करायचं हे माझ्या कुठल्याच धोरणात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. विमानतळ बंद आहे, असं कर्नलनी लिहिलं होतं. गिरणीला कुठल्या फाटकानं जायचं ते विचारलं होतं. आणि शेवटी, 'माझ्याकडं तुमचीच गाडी आहे.' ते कुठल्या बाजूला आहेत हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता माझ्या अंगात आलं. मी अंगणात येरझाऱ्या घालत दूतावासाशी बोललो, वरिष्ठांशी बोललो, परत दूतावासाशी बोललो. 'प्रत्यक्ष जागेवर माझा माणूस आहे' असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. दादा गोठ्यातनं बघत होता. मंडळाची पोरं फाटकाशी येऊन उभी राहिली, तेव्हा मी आवाज मुद्दाम थोडा वाढवला हेही कबूल केलं पाहिजे.

मी दूतावासातल्या अधिकाऱ्याला माणसं थोड्याच वेळात सुखरूप बाहेर पडतील असं सांगत असताना त्या बाईचा फोन मधेच यायला लागला. तो मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "मालकांचा फोन आल्ता. ती समदी सरहद्दीच्या पल्याड पोचल्यात. गिरणीजवळच्या खानावळीच्या बाईनं मासळीच्या टेम्पोत बसवून न्हेलं म्हणं."

मी म्हणालो, "कधी?"

"सकाळीच. अंगाला लई वास मारतोय म्हणत हुते." एवढं बोलून ती रडायला लागली.  मी म्हणालो, "छान झालं." ती रडतच म्हणाली, "व्हय."

दूतावासाला कळवणं भाग होतं. तिकडचा अधिकारी सज्जन होता, हसला नाही.

कर्नल मात्र गाडी घेऊन गिरणीवर गेलेच होते. तिथं कुणी नव्हतं. मोकळ्या हातानं परत कसं जायचं म्हणून त्यांनी मालकाच्या कचेरीतली तिजोरी फोडली. मला फोटो आला. त्यात त्यांच्या हातात सगळे पासपोर्ट पत्त्यांसारखे पसरून धरलेले होते. ते त्यांनी दूतावासाच्या माणसाकडं दिले आणि त्यानं ते पलीकडच्या देशात आपल्या लोकांपर्यंत पोचते केले. एका सार्वभौम राष्ट्रात माझ्या एका निरोपावरून तिजोरी फोडली गेली होती. हे मी वरिष्ठांना शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं.

त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "पासपोर्ट नसते तरी तात्पुरता दाखला देऊन आणलं असतं. तुमच्यामुळं फार तर एक दिवस वाचला असेल." आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "त्या चटणीत असतं तरी काय?"

वहिनीनं मात्र शब्द पाळला. मिरच्या वाळवल्या, कांदा भाजला, घरभर ठसका पसरवला. शिंकत शिंकत मी बरणीचं झाकण चिकटपट्टीनं बंद केलं. तिकडं जाणारं शिष्टमंडळ पुढं बरेच महिने निघालंच नाही, ती बरणी दिल्लीत माझ्या कपाटात राहिली आणि तिच्यातली निम्मी मीच संपवली. कर्नलना नंतर कुठल्याशा लांबच्या ठाण्यावर पाठवलं असं कळलं. बढती की शिक्षा, हे विचारायला मी लाजलो.

पुढच्या सुट्टीत मी इचलकरंजीला गेलो. जॉबरच्या घरालगतच मागांची शेड, त्यामुळं बसल्या जागी जमीन थरथरत होती आणि सगळ्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. माणूस बारका, हसरा, हाताला ग्रीसचा काळा रंग. मी आलो म्हणून त्यानं शेडमधून सुट्टी घेतली होती. मी काही केलं नाही, असं मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. तो म्हणाला, "असं कसं, साहेब, माझा पासपोर्ट आला की." आणि आतून तो आणून दाखवलाही. बायको चहा ओतत होती. बोर्डावरच्या फोटोपेक्षा तुमी बारीक दिसतासा, असं तिनं सांगितलं.

मग तिची पाठ वळल्यावर तो पुढं सरकला आणि माझ्या कानाशी मोठ्यानं म्हणाला, "तिकडचे निम्मे माग जोडायचे राहिल्यात. काम अर्धं टाकून आलो, त्याचं लई वाईट वाटतंय. तिथं नगं म्हणत आसशीला तर दुसरा कुठला देश बघा की. जरा शांत असलेला. तुमास्नी तर समदे देश ठावं."

"ह्येंचं ऐकू नगासा साहेब," बायको आतून ओरडली. मागांच्या आवाजातही तिला ऐकू गेलं होतं.

माझ्या मनात एका देशाचं नाव आलं. तिथं आम्ही नुकत्याच दोन बोटी दिल्या होत्या आणि त्याच्याविषयी मी फार चांगलं लिहिलं होतं. नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी चहाचा घोट घेतला.

"चहा फक्कड झालाय," मी म्हणालो.

"म्हशीचं दूध हाय," तो म्हणाला, आणि मी पुढं सांगेन म्हणून माझ्याकडं बघत बसला.